सहीआधी फाइल विधी अधिकाऱ्याकडे जाऊ द्या

प्रति,
मा. कुलगुरू, तसेच व्यवस्थापन परिषद व अधिसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, केगाव, सोलापूर.

विषय : विद्यापीठाचा विधी कक्ष, त्याचे अधिकार आणि कामाची पद्धत.

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाला वकील कधी लागतो असे विचारले तर बहुतेक ठिकाणी ‘केस झाली की’ असे उत्तर मिळते. केस झाल्यावर लागतो तो कोर्टात उभा राहणारा वकील. तो बाहेरचा असतो आणि बाहेरचाच असावा. विद्यापीठात खुर्ची-टेबल घेऊन बसणाऱ्या विधी अधिकाऱ्याचे काम मात्र त्याच्या कितीतरी आधी, आदेशावर सही होण्यापूर्वी सुरू व्हायला हवे. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे कामकाज पाहिले तर विधी कक्ष म्हणजे कोर्टाची टपाल घेणारे, वकीलपत्रावर सही आणणारे आणि पुढची तारीख कळवणारे टेबल, अशीच त्याची अवस्था फार ठिकाणी दिसते. सोलापूरने ही रीत मोडावी, म्हणून हे पत्र. कोणा व्यक्तीवर टीका करण्याचा यात हेतू नाही.

परीक्षेतल्या गैरप्रकाराचे उदाहरण घेऊ. दर सत्रात ही प्रकरणे येतात आणि ती एकाच ठरावीक जागी फसतात. परीक्षागृहात विद्यार्थ्याजवळ मोबाइल किंवा चिठ्ठी सापडते. पर्यवेक्षक अहवाल लिहितो, उत्तरपत्रिका जप्त होते, विद्यार्थ्याकडून जबाब घेतला जातो. पुष्कळदा जबाबाचा नमुना आधीच छापलेला असतो आणि त्यात ‘मी गैरप्रकार केल्याचे मान्य करतो’ हे वाक्यही छापलेलेच असते. भेदरलेला मुलगा सही करून मोकळा होतो. मग समितीची नोटीस निघते. तिच्यात काय सापडले ते नसते, फक्त ‘आपण गैरप्रकार केला आहे, तरी अमुक दिवशी हजर राहावे’ एवढेच असते. त्या एका दिवशी साठ-सत्तर मुलांची सुनावणी उरकली जाते. शेवटी आदेश येतो तोही छापील, नाव आणि बैठक क्रमांक तेवढा हाताने भरलेला.

हे प्रकरण उच्च न्यायालयात गेले की पहिलाच प्रश्न येतो : या आदेशात कारणे कुठे आहेत? तेव्हा प्रतिज्ञापत्रात कितीही कारणे लिहिली तरी उपयोग होत नाही. मोहिंदरसिंग गिल विरुद्ध मुख्य निवडणूक आयुक्त (१९७८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की वैधानिक आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच तपासायची, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येत नाहीत. म्हणजे कोर्टातली लढाई आदेश टंकलिखित होतो त्या टेबलावरच जिंकली किंवा हरली जाते. आदेश रद्द होऊन प्रकरण फेरविचारासाठी परत येते. तोवर खरा दोषी पदवी घेऊन निघून गेलेला असतो, नाहीतर निर्दोष मुलाचे वर्ष वाया गेलेले असते. दोन्हींपैकी काहीही झाले तरी ते वाईटच.

विधी अधिकाऱ्याने इथे करायचे काम अगदी साधे आहे. नोटिशीचा नमुना एकदा नीट बसवावा. तारीख, विषय आणि बैठक क्रमांक. नेमके काय सापडले आणि कुठे. पर्यवेक्षकाच्या अहवालाची प्रत. कोणत्या अध्यादेशाच्या कोणत्या तरतुदीखाली कारवाई होणार आणि जास्तीत जास्त शिक्षा किती. सुनावणीची तारीख, निदान ७ दिवस पुढची. छापील कबुली नमुन्यातून काढून टाकावी आणि जबाबासाठी कोऱ्या ओळी ठेवाव्यात. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडच्या कन्नड बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेत लिहायचे असेल तर लिहू द्यावे, भाषांतर नंतर करता येते. आदेशात चार गोष्टी असल्याच पाहिजेत : विद्यार्थी काय म्हणाला, ते का पटले नाही, हीच शिक्षा का, आणि दाद कुठे व किती दिवसांत मागायची. तीन परिच्छेदांचा असा आदेश कोर्टात टिकतो. एका ओळीचा टिकत नाही, मग वकील कितीही मोठा असो.

कर्मचाऱ्यांवरील शिस्तभंगाच्या कारवाईतही हेच घडते, फक्त पणाला लागलेले असते ते एखाद्याचे पोट. निलंबनाचा आदेश घाईत निघतो आणि दोषारोपपत्र मागे राहते. अजयकुमार चौधरी प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की ३ महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही तर निलंबन त्यापुढे चालू राहू नये. विधी अधिकाऱ्याच्या टेबलावर प्रत्येक निलंबनाची तारीख आणि त्यापुढचा नव्वदावा दिवस लिहिलेला असला पाहिजे. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी संबंधिताला देऊन त्याचे म्हणणे घ्यायचे, हे करुणाकर निकालाने (१९९३) पक्के केले आहे. तरीही अहवाल आणि शिक्षेचा आदेश एकाच पाकिटातून पाठवण्याची चूक होतच राहते. ज्याने प्राथमिक चौकशी केली त्यालाच चौकशी अधिकारी नेमणे, साक्षीदारालाच सादरकर्ता अधिकारी (चौकशीत प्रशासनाची बाजू मांडणारा) करणे, नेमणुकीचा अधिकार एकाचा आणि बडतर्फीवर सही दुसऱ्याची, ही बाकीची नेहमीची ठिकाणे. यातली प्रत्येक चूक फाइल पाच मिनिटे वाचून पकडता येते. अट एकच : ती फाइल सहीआधी विधी अधिकाऱ्याकडे आली पाहिजे.

म्हणून आमची पहिली मागणी. काही ठरावीक प्रकारच्या आदेशांवर विधी अधिकाऱ्याची तारखेसह टिपणी असल्याशिवाय सही होऊ नये : निलंबन, बडतर्फी, परिविक्षाधीन सेवेची समाप्ती, विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्यास मनाई, संलग्नता किंवा मान्यता काढून घेणे, निविदा रद्द करणे, निवडणुकीतील नामनिर्देशन फेटाळणे आणि ठरावीक रकमेवरील करार. टिपणीसाठी ३ कामकाजाचे दिवस पुरेत. खरोखर तातडी असेल तर त्याच दिवशी, पण लेखी. कुलगुरूंनी टिपणी मान्य केलीच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही, कारण निर्णयाचा अधिकार आणि जबाबदारी त्यांचीच आहे. अमान्य केली तर का, हे दोन ओळींत लिहावे, एवढेच.

आता याचिका दाखल झाल्यावरच्या कामाकडे. सोलापूरच्या दृष्टीने इथे अलीकडे मोठा बदल झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले. मुंबईच्या मानाने अंतर बरेच कमी झाले. संबंधित कक्षाचा अधिकारी मूळ फाइल घेऊन सुनावणीला स्वतः जाऊ शकतो, आणि त्याने जावेच. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. याचिका करणाऱ्यालाही कोर्ट जवळ आले आहे. मुंबईच्या खर्चाला भिऊन जे गप्प बसत होते ते आता दाद मागतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यामुळे वकिलांचे पॅनेल कोल्हापूर धरून नव्याने बांधावे लागेल. जुन्या प्रत्येक प्रकरणाचा ई-कोर्टवरचा १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढून ते आज कुठल्या न्यायपीठाच्या बोर्डावर आहे हेही एकदा तपासून घ्यावे लागेल. ही यादी करायला एका लिपिकाला पंधरा दिवस पुरतील. यादी नसेल तर एखादे प्रकरण विद्यापीठाच्या गैरहजेरीत निघेल, आणि ते वर्तमानपत्रात वाचून कळेल.

याचिकेची प्रत आल्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो तो परिच्छेदनिहाय अभिप्रायात. विधी कक्ष याचिका संबंधित विभागाला ‘अभिप्राय द्यावा’ असा शेरा मारून पाठवतो. विभाग तीन आठवड्यांनी उत्तर देतो : परिच्छेद १ ते ४ अभिलेखाचा भाग आहे, ५ मान्य नाही, ६ ते ११ खोटे आहेत. याच्या आधारे कोणताही वकील प्रतिज्ञापत्र तयार करू शकत नाही. तो पुन्हा माहिती मागतो, तारीख जाते, दोन तारखांनंतर न्यायालय अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश देते. अंतरिम आदेश मिळाला की पुष्कळ प्रकरणांत निकाल लागल्यासारखेच असते. अशा आदेशावर प्रवेश झालेला मुलगा अंतिम सुनावणीपर्यंत तिसऱ्या वर्षात पोहोचतो.

यावर उपाय म्हणजे चार रकान्यांचा तक्ता. पहिल्यात परिच्छेद क्रमांक. दुसऱ्यात वस्तुस्थिती, म्हणजे काय घडले, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने. तिसऱ्यात त्याला आधार असलेला कागद आणि त्याचा फाइलमधला पृष्ठ क्रमांक. चौथा रकाना विभागाने रिकामा सोडायचा. तो विधी अधिकारी भरतो, कारण कायदेशीर स्थिती लिहिणे हे विभागाचे काम नव्हे. वेळापत्रक असे धरावे : पहिल्या दिवशी नोंद, वकिलाला प्रत आणि संबंधित कक्षाला ‘या प्रकरणाशी संबंधित एकही कागद नष्ट करू नये’ असे पत्र, पाचव्या दिवसापर्यंत तक्ता भरून परत, आठव्या दिवशी विभागप्रमुख, विधी अधिकारी आणि वकील यांची फाइल समोर ठेवून बैठक, बाराव्या दिवशी मसुदा, पंधराव्या दिवशी प्रतिज्ञापत्रावर सही. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे पहिल्याच आठवड्यात सुरू करावीत. उच्च न्यायालयात ती लागतात आणि ऐनवेळी केलेल्या भाषांतरात हमखास चुका राहतात. ‘सेवा समाप्ती’ आणि ‘सेवानिवृत्ती’ यांत गल्लत झाली तर पूर्ण बचावच बदलतो.

कागद नष्ट न करण्याच्या पत्राला आम्ही मुद्दाम पहिल्या दिवशी स्थान दिले आहे. उत्तरपत्रिका ठरावीक काळानंतर रद्दीत जातात, हा नेहमीचा क्रम आहे. पण एखाद्या विद्यार्थ्याने पुनर्मूल्यांकनाविरुद्ध याचिका केली असेल किंवा माहिती अधिकारात आपली उत्तरपत्रिका मागितली असेल तर ती उत्तरपत्रिका वेगळी काढून ठेवावीच लागते. परीक्षार्थीला आपली मूल्यांकित उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, हे सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय (२०११) या निकालापासून ठरलेले आहे. परीक्षा विभागाला याचिका माहीत नसते, विधी कक्षाला रद्दीचे वेळापत्रक माहीत नसते, आणि मग नेमकी तीच उत्तरपत्रिका गठ्ठ्यातून निघून जाते. न्यायालयापुढे ‘नियमाप्रमाणे नष्ट केली’ असे सांगणाऱ्या विद्यापीठावर कोणाचाही विश्वास बसत नाही. ते खरे असले तरीही.

प्रत्येक याचिकेत विद्यापीठाने सारखाच जोर लावायचा नसतो, हेही इथे सांगितले पाहिजे. संस्थाचालक आणि शिक्षक यांच्या वादात विद्यापीठ पुष्कळदा प्रतिवादी क्रमांक ३ किंवा ४ म्हणून नावापुरते असते. तिथे न्यायालयाला विद्यापीठाकडून फक्त दोन-तीन गोष्टी हव्या असतात : नियुक्तीला मान्यता होती का, कोणत्या तारखेची, बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांच्या यादीत) पद कोणत्या प्रवर्गाचे. दोन पानी प्रतिज्ञापत्र आणि मान्यतेची प्रत दोन आठवड्यांत दाखल केली की विद्यापीठाचे काम संपते. तिथे ‘याचिका खर्चासह फेटाळावी’ असे ठोकळेबाज वाक्य घालून विद्यापीठ विनाकारण संस्थेच्या बाजूला जाऊन बसते. हे प्रकरण भांडायचे, हे मिटवायचे आणि इथे फक्त माहिती द्यायची, अशी विभागणी विधी अधिकाऱ्याने पहिल्याच टिपणीत केली पाहिजे.

निकालानंतरचा आठवडा सर्वांत निष्काळजीपणे जातो. आदेश संकेतस्थळावर येतो, प्रमाणित नक्कल यायची वाट पाहिली जाते, आणि ‘आजपासून सहा आठवड्यांत निर्णय घ्यावा’ ही मुदत मात्र आदेशाच्या दिवसापासून मोजली जात असते. मग अवमान याचिकेची नोटीस येते आणि ती कुलगुरू किंवा कुलसचिव यांच्या नावाने असते. ज्या टेबलावर फाइल अडली त्याच्या नावाने ती कधीच येत नाही. आदेश आला त्याच दिवशी विधी अधिकाऱ्याने अर्ध्या पानाचे मराठी टिपण काढावे : न्यायालयाने काय करायला सांगितले, कोणी करायचे, शेवटची तारीख कोणती, अपील करण्याजोगे आहे का. अपिलाचा निर्णय १० दिवसांच्या आत व्हायला हवा. एकलपीठाच्या (एका न्यायमूर्तीच्या) आदेशाविरुद्ध लेटर्स पेटंट अपील, म्हणजे त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढचे अपील, करता येत असेल तर त्याला ३० दिवस असतात, सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेला ९०. व्यवस्थापन परिषदेची पुढची बैठक दीड महिन्यावर असेल तर ३० दिवस केव्हाच उलटून जातात. म्हणून अपिलाचा निर्णय कुलगुरूंनी घ्यावा आणि पुढच्या बैठकीत तो परिषदेपुढे ठेवावा, असा ठराव आधीच करून ठेवावा. फाइल फिरत होती म्हणून उशीर झाला, ही सबब लिव्हिंग मीडिया निकालानंतर (२०१२) सरकारी खात्यांनाही चालत नाही. आणि अपील दाखल केले म्हणजे स्थगिती मिळाली असे नव्हे. स्थगिती वेगळी मागावी लागते, ती मिळेपर्यंत आदेश पाळावाच लागतो.

आता विधी अधिकारी कोणाचा, या प्रश्नाकडे येतो. आमच्या मते सगळ्यात नाजूक जागा हीच आहे.

विद्यापीठ ही कायद्याने निर्माण झालेली स्वतंत्र निगम संस्था आहे. विधी अधिकाऱ्याचा पक्षकार ती संस्था. कुलगुरू, कुलसचिव, परिषदेचा एखादा सदस्य किंवा कर्मचारी संघटना यांपैकी कोणीही त्याचा वैयक्तिक पक्षकार नसतो. एरवी हा फरक जाणवत नाही. याचिकेत एखाद्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः आकसाचा आरोप झाला की तो लगेच जाणवतो. तेव्हा त्या अधिकाऱ्याने स्वतंत्र वकील करावा आणि विद्यापीठाचे प्रतिज्ञापत्र वेगळे असावे. दोन्हींचा मसुदा एकाच्याच हातून झाला तर संस्थेचा बचाव व्यक्तीच्या बचावात बुडून जातो. अधिसभेच्या निवडणुकीत तर विधी अधिकाऱ्याने कोणत्याही उमेदवाराशी नियमांबद्दल खासगीत बोलूच नये. प्रश्न लेखी यावा, उत्तर सर्वांसाठी फलकावर लागावे.

आपले विद्यापीठ एका जिल्ह्याचे आहे. संस्थाचालक, प्राचार्य, संघटनांचे पदाधिकारी, अधिसभा सदस्य, वकील सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. ही जवळीक चांगलीच आहे. पण ‘साहेब, जरा बघा’ असा फोनही तिच्यातूनच येतो. म्हणून तोंडी सल्ला इथे इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त घातक. पॅनेलवरच्या वकिलांनी दरवर्षी लेखी सांगावे की जिल्ह्यातल्या कोणत्या संस्थांची वकीलपत्रे त्यांच्याकडे आहेत. ज्या संस्थेचे काम ते करतात तिच्या प्रकरणात विद्यापीठाने त्यांना नेमू नये.

याच कारणासाठी हे पद ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून देऊ नये. विधी विभागातल्या प्राध्यापकाला किंवा एखाद्या सहायक कुलसचिवाला हा भार दिला की खर्च वाचल्यासारखा वाटतो. पण त्याच्या स्वतःच्या सेवाविषयक बाबी ज्या अधिकाऱ्याच्या हातात आहेत त्यालाच ‘हा आदेश बेकायदा ठरेल’ असे लिहून द्यायची वेळ त्याच्यावर येते. असे लिहिणारी माणसे असतात, पण व्यवस्था त्यांच्या धैर्यावर उभी करू नये. निदान १० वर्षे वकिली केलेला, सेवाविषयक कायदा आणि रिट याचिकांचा अनुभव असलेला पूर्ण वेळ अधिकारी, त्याच्या हाताखाली दोन विधी पदवीधर सहायक आणि एक लिपिक, एवढ्यावर आपल्या आकाराच्या विद्यापीठाचा विधी कक्ष व्यवस्थित चालेल. त्याचे मूल्यमापन एकट्या कुलसचिवांनी न करता व्यवस्थापन परिषदेच्या छोट्या समितीने करावे.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. ‘पूर्ण वेळ वकील नेमला म्हणजे कोर्टाचा खर्च गेला’ असे काही सदस्यांना वाटू शकते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्ण वेळ पगारी नोकरीत असलेल्या वकिलाला त्या काळात वकिली करता येत नाही. म्हणजे विधी अधिकारी कोल्हापुरात फाइल घेऊन जाईल, वकिलाला माहिती देईल, पण उभा राहून युक्तिवाद पॅनेलवरचा वकीलच करेल. याला जोडून आणखी एक बाब आहे. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने जे संरक्षण दिले आहे ते पगारी विधी अधिकाऱ्याला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. बाहेरच्या कायदेविषयक सल्लागाराशी झालेल्या संवादापुरते कलम १३४ चे मर्यादित संरक्षण आहे. विधी अधिकारी आणि विद्यापीठ यांच्या आपसातल्या टिपण्यांना ते नाही. तेव्हा विधी अधिकाऱ्याने टिपणी अशी लिहावी की उद्या ती न्यायालयापुढे किंवा माहिती अधिकारात बाहेर आली तरी विद्यापीठाला मान खाली घालावी लागणार नाही. ‘त्याला धडा शिकवण्यासाठी’ असे शब्द फाइलवर असता कामा नयेत. मनात असले तर तेही तपासावेत. खरोखर गोपनीय सल्ला हवा असेल, उदाहरणार्थ तडजोड करायची की नाही, तर तो बाहेरच्या वकिलाकडून लेखी घ्यावा.

करारांबद्दल थोडक्यात. परीक्षा संगणकप्रणाली, उत्तरपत्रिकांची छपाई, सुरक्षा, बांधकाम यांचे करार बहुधा पुरवठादाराच्या मसुद्यावर होतात. संगणकप्रणालीच्या करारात विद्यार्थ्यांचा सारा डेटा विद्यापीठाचा आहे आणि करार संपल्यावर किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात तो परत मिळेल, हे लिहिलेले नसेल तर पुरवठादार बदलताना निकाल अडतात. अंतिम परीक्षेनंतर ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचे बंधन २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने घातले आहे, ते पुरवठादाराच्या मर्जीवर सोडता येत नाही. जुन्या करारांत ‘वाद झाल्यास कुलगुरू किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती लवाद असेल’ असे कलम अजूनही नकलून घेतले जाते. वादात हितसंबंध असलेल्याने स्वतः लवाद होऊ नये किंवा एकट्याने नेमू नये, असे लवाद कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने आणि पर्किन्स ईस्टमन निकालाने (२०१९) ठरल्यामुळे त्याचा उपयोग राहिलेला नाही. असे कलम घातले तर लवाद नेमण्यासाठीच आधी कोर्टात जावे लागते. आणि दावा व्यापारी स्वरूपाचा असेल तर लेखी कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे उत्तर) १२० दिवसांच्या आत गेलीच पाहिजे, त्यानंतर तो हक्कच संपतो. दिवाणी दाव्यात चालून जाणारी ढिलाई इथे चालत नाही.

समित्यांच्या बाबतीत विधी अधिकाऱ्याने आत बसू नये, बाहेरून घड्याळ सांभाळावे. लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीपुढे कोणत्याही पक्षाला वकील देता येत नाही, आणि विद्यापीठाचा विधी अधिकारी तिथे नुसता येऊन बसला तरी तक्रारदार बाईला ते दडपण वाटते. त्याने पाहायचे ते हे : सदस्यांची ३ वर्षांची मुदत संपलेली नाही ना, बाहेरच्या सदस्याची नेमणूक वैध आहे ना, चौकशीच्या प्रत्येक बैठकीला अध्यक्षांसह निदान ३ सदस्य हजर होते ना, ९० दिवसांत चौकशी आणि पुढच्या १० दिवसांत अहवाल होतो आहे ना. मुदत संपलेल्या समितीने केलेली चौकशी पूर्णपणे रद्द होऊ शकते, आणि त्याची शिक्षा भोगावी लागते ती तक्रार करणाऱ्या मुलीला. विद्यार्थी तक्रार निवारण समितीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या विनियमांनुसार १५ कामकाजाचे दिवस आहेत, त्यावर विद्यार्थ्यांसाठीच्या लोकपालाकडे दाद. रॅगिंगची तक्रार आली तर २४ तासांत पोलिसांत खबर. माहिती अधिकारात ३० दिवस. दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, आणि तो जनमाहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. ‘विधी कक्षाचे मत मागवले आहे’ हे उत्तर तिथे बचाव ठरत नाही.

सोलापूरची स्वतःची एक अडचण जुन्या अभिलेखांची आहे. विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ ची. त्याआधी जिल्ह्यातली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आणि २०१९ मध्ये विद्यापीठाचे नाव बदलले. त्यामुळे एखाद्या शिक्षकाची नियुक्ती २००१ ची, मान्यता शिवाजी विद्यापीठाची, सेवापुस्तकातल्या नंतरच्या नोंदी सोलापूर विद्यापीठाच्या आणि याचिका आजच्या नावाने, अशी प्रकरणे येणारच. अशा वेळी विधी अधिकाऱ्याने पहिल्या उत्तरातच स्पष्ट करावे की कोणता कागद कोणाच्या ताब्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाला पक्षकार करणे आवश्यक आहे का. हे दोन वर्षांनी सांगितले तर न्यायालयाला ती टाळाटाळ वाटते. शिवाजी विद्यापीठाशी अभिलेखांच्या पडताळणीसाठी एक कायमची लेखी कार्यपद्धती ठरवून घेतली तर प्रत्येक वेळी नव्याने पत्रव्यवहार करावा लागणार नाही.

वकिलांच्या शुल्काचे बोलायचे तर एकच. हजेरी, प्रतिज्ञापत्र, अंतिम सुनावणी असे टप्पे ठरवून प्रत्येक टप्प्याचे देयक ३० दिवसांत द्यावे. वर्ष-वर्ष देयक अडले की चांगले वकील पॅनेलवरून हळूच बाजूला होतात, आणि त्यांची जागा कोण घेते ते आपण जाणता.

आमची विनंती अशी आहे. व्यवस्थापन परिषदेच्या येत्या बैठकीत तीन विषय घ्यावेत : पूर्ण वेळ विधी अधिकाऱ्याचे पद आणि वर सांगितलेली रचना, कोणते आदेश त्याच्या लेखी टिपणीशिवाय निघू नयेत त्याची यादी, आणि अपिलाबाबत कुलगुरूंना आगाऊ अधिकार. चालू असलेल्या सर्व प्रकरणांची यादी, पुढच्या तारखांसह, ६ महिन्यांत अधिसभेपुढे ठेवावी. त्यातली भांडण्यात अर्थ नसलेली प्रकरणे वेगळी काढून मिटवावीत. गैरप्रकाराच्या नोटिशीचा आणि आदेशाचा नमुना, परिच्छेदनिहाय अभिप्रायाचा तक्ता, निकालानंतरच्या टिपणाचा नमुना आणि लवादाच्या कलमाचा मसुदा आम्ही मोबदल्याविना तयार करून द्यायला तयार आहोत. विद्यापीठाने दिवस आणि वेळ कळवावी, आम्ही केगावला येऊ.

आपले,
सोलापूर जिल्हा न्यायालयात वकिली करणारे आणि शहरात कायदा शिकवणारे काही जण